कपाटातील आगबोट

परतूर आणि समुद्र यांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्या या गावाहून मुंबईचा किनारा रेल्वेमार्गाने चारशे किलोमीटरहून अधिक दूर. येथे पाणी म्हणजे दुधना, आणि उन्हाळा लागला की तिचीही वाळू दिसू लागते. निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशय झाला, तरी त्याला कोणी समुद्र म्हणणार नाही. येथील माणसाने आगबोट पाहिली असेल तर ती शाळेच्या पुस्तकातील चित्रात, किंवा माउंट मेरीच्या जत्रेस मुंबईला गेला असताना बंदरावर, दुरून.

अशा गावी एका ख्रिस्ती कुटुंबाच्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, सोनेरी कडांच्या कपबश्या, मुलांना शाळेत मिळालेले पेले आणि पवित्र मातेची छोटी मूर्ती यांच्या शेजारी एक आगबोट गेली कित्येक वर्षे उभी आहे. तिची लांबी सुमारे पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे वीतभरापेक्षा थोडी अधिक. काळे अंग, वर पांढरे मजले, आणि लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांची दोन मोठी धुराडी. घरचे वडीलधारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. सारे गाव त्यांना आबा म्हणते. लहानपणी वसतिगृहात असताना मायदेशी परत निघालेल्या एका वृद्ध फादरांनी ती त्यांच्या हाती ठेवली होती.

गेल्या नाताळात पुण्याला नोकरीस असलेला नातू घरी आला आणि म्हणाला, ‘‘आबा, अशा जुन्या बोटी जमवणारे लोक असतात. मूळ खोक्यासह असेल तर चांगले पैसे येतात.’’ खोके कधीच चुलीत गेले होते. पुढली डोलकाठी मोडली होती. नातवाने हिशेब करून सांगितले, की या स्थितीत फार काही येणार नाही. पण आणखी हाताळली तर तेवढेही येणार नाही. त्या दिवसापासून कपाटास कुलूप लागले. धाकटी पणती काचेला नाक लावून उभी राहते आणि तिला ‘‘हात लावू नको’’ असे सांगितले जाते.

आबा आम्हांस म्हणाले, ‘‘तुम्ही पुस्तकांची परीक्षणे लिहिता. या वस्तूचेही एकदा लिहा. हिची किंमत नातू सांगतो. हिची योग्यता तुम्ही सांगा.’’ विनंती थोडी विनोदाची होती, पण आम्ही ती गंभीरपणे घेतली. कारागिराच्या हातून उतरलेली कोणतीही वस्तू काहीतरी सांगत असते आणि काहीतरी लपवीत असते. पुस्तकाला जी कसोटी लावतो, ती तिलाही लावता येते.

प्रथम वस्तूचा परिचय. ही ‘युनायटेड स्टेट्स’ नावाच्या अमेरिकन प्रवासी जहाजाची प्रतिकृती आहे. ब्रिटनमधील लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीने ‘ट्राय-अँग’ या नावाखाली ‘मिनिक शिप्स’ ही जहाजांची मालिका १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणली आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालविली. जस्तमिश्रित धातू साच्यात ओतून ही जहाजे घडवीत. ‘क्वीन मेरी’, ‘क्वीन एलिझाबेथ’ अशी अटलांटिक महासागरावरील नामांकित प्रवासी जहाजे या मालिकेत होती. सोबत धक्के व गोद्याही मिळत, म्हणजे मुलांना जमिनीवर अख्खे बंदर मांडता येई.

प्रमाण बाराशेस एक. मूळ जहाज ९९० फूट लांब, म्हणून प्रतिकृती दहा इंचांना किंचित कमी. या प्रमाणाचा पूर्वेतिहास मात्र खेळण्यातला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नौसैनिकांना व वैमानिकांना आपले जहाज कोणते आणि शत्रूचे कोणते हे एका दृष्टिक्षेपात ओळखता यावे, म्हणून अशाच मापाच्या प्रतिकृतींवर शिक्षण दिले जाई. जहाज ओळखायचे ते त्याच्या बाह्याकृतीवरून. या घराण्यातील प्रतिकृतींचा सर्वांत मोठा गुण त्या शिक्षणातून आलेला आहे, आणि सर्वांत मोठा दोषही.

गुण आधी सांगू. हाताच्या पंज्यात मावणाऱ्या धातूच्या तुकड्यात कारागिराने जहाजाची चाल पकडली आहे. पुढचे टोक निमुळते होत पाण्यावर झेपावते, मजले पायरीपायरीने मागे सरकत चढतात, आणि त्या साऱ्यावर ती दोन अवाढव्य धुराडी किंचित मागे कललेली. जहाज उभे असूनही धावत असल्याचा भास होतो. लहान वस्तू घडविताना सर्वच तपशील कोंबण्याचा मोह अनावर असतो. या कारागिराने तो आवरला आहे. जीवरक्षक होड्यांची रांग त्याने बारीक मण्यांसारखी दाखविली आणि खिडक्यांच्या वाटेला तो गेला नाही. खोलीच्या दारातून पाहिले तरी हे जहाज दुसरे कोणते नसून तेच आहे, हे कळते. शब्दचित्र लिहिणाऱ्यांनी ही काटकसर अवश्य अभ्यासावी.

ही चाल मूळ जहाजाच्या स्वभावाशी इमान राखून आहे, हेही सांगितले पाहिजे. विल्यम फ्रान्सिस गिब्ज या अभियंत्याने हे जहाज कल्पिले. व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथे ते बांधले गेले आणि ३ जुलै १९५२ रोजी न्यूयॉर्कहून पहिल्या सफरीस निघाले. ३ दिवस १० तास ४० मिनिटांत त्याने अटलांटिक ओलांडला. सरासरी वेग ३५.५९ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ६६ किलोमीटर. १९३८ पासून ‘क्वीन मेरी’कडे असलेला ‘ब्लू रिबँड’ हा वेगाचा बहुमान त्याने पहिल्याच फेरीत हिरावून घेतला. वजन कमी व्हावे म्हणून वरचे मजले अ‍ॅल्युमिनियमचे केले होते, आणि आगीच्या भयाने लाकूड जवळजवळ वर्ज्य होते. पियानो आणि स्वयंपाकघरातील मांस तोडण्याचा ठोकळा एवढेच लाकूड जहाजावर होते, अशी आख्यायिका त्यावरूनच रूढ झाली.

आता दोष. पहिला असा, की ही प्रतिकृती जलरेषेशी संपते. पाण्याखालचे अंग तिला नाही. टेबलावर ठेवली की टेबल हाच समुद्र. या जातीच्या सर्वच प्रतिकृतींची ही रीत आहे, म्हणून त्यासाठी एकट्या कारागिराला दोष देणार नाही. तथापि या विशिष्ट जहाजाच्या बाबतीत ही रीत फार बोलकी ठरते. ‘युनायटेड स्टेट्स’चे खरे रहस्य पाण्याखालीच होते. बांधणीच्या सुमारे ७.८ कोटी डॉलर खर्चातील मोठा वाटा अमेरिकन सरकारने उचलला होता, कारण युद्ध झाल्यास त्याच जहाजातून चौदा-पंधरा हजार सैनिक नेता यावेत अशी योजना होती. त्यामुळे त्याच्या तळाचा आकार व चार मळसूत्री पंख्यांची रचना कित्येक वर्षे गुप्त राखली गेली. सुखासीन उताऱ्यांना दिसत होता तो नाचगाण्याचा मजला, आणि पाण्याखाली होती ती युद्धाची तयारी. प्रतिकृती आपल्याला केवळ वरची बाजू देते. ती खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलते.

दुसरा दोष याहून गंभीर. या जहाजावर माणूस नाही. हिशेब केला तर कारण उघड आहे. बाराशेस एक या प्रमाणात मध्यम उंचीचा माणूस दीड मिलिमीटरही भरत नाही. तो घडवायचा कसा आणि टिकवायचा कसा? परंतु खऱ्या जहाजावर सुमारे एकोणीसशे उतारू आणि नऊशेहून अधिक कर्मचारी असत. उताऱ्यांचे तीन वर्ग असत, आणि कोणी कोणत्या जिन्याने चढावे हेही ठरलेले असे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र सर्व मजले सारखेच पांढरे दिसतात. वर्गभेद दिसत नाही, चुली दिसत नाहीत, यंत्रघरातील उष्मा दिसत नाही.

आमच्या समाजाला ही उणीव जाणवल्याशिवाय राहणार नाही. गोव्यातील किती घरांत ‘तारवटी’ होऊन गेले! ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर खानसामा, आचारी, वाढपी म्हणून त्यांनी आयुष्ये काढली. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावच्या आसपासच्या ‘कुडां’त, म्हणजे गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या बिऱ्हाडांत, ते ट्रंका उशाशी घेऊन दिवस मोजीत. ‘युनायटेड स्टेट्स’वर अमेरिकन खलाशी असत, आमचे तारवटी नव्हेत, हे खरे. पण सर्व आगबोटींचा कारभार एकच: वर चांदीचे काटे-चमचे, आणि ते पुसणारे हात खाली. जी प्रतिकृती जहाजाची शान दाखविते आणि हात वगळते, ती पाहताना आपण ते हात मनाने जोडून घेतले पाहिजेत.

हे जोडून घेणे मराठवाड्यातल्या माणसाला वाटते तेवढे परके नाही. जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेस अटलांटिक ओलांडून गेले होते. ते प्रोटेस्टंट पंथाचे. पण आपल्या जिल्ह्याचा माणूस त्या काळी त्या समुद्रावर होता, याचा अभिमान आपणही बाळगावा. १८८६ साली पंडिता रमाबाई इंग्लंडहून निघून फिलाडेल्फियाला उतरल्या, त्या आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरकीची पदवी मिळताना पाहण्यासाठी. पुढे १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी तो प्रवासही मराठीत लिहून ठेवला. जुलै १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले, ते कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी. १९१७ साली ते स्वदेशी परतत असता त्यांचे ग्रंथ व सामान घेऊन निघालेली बोट जर्मन पाणबुडीने बुडविली. त्या बोटीची प्रतिकृती कोणी जमवीत असेल की नाही, कोण जाणे. पण तिच्याबरोबर काय बुडाले याचा हिशेब धातूच्या कोणत्याही साच्यात ओतता येणार नाही.

या सर्वांच्या दृष्टीने जहाज म्हणजे वेगाचा विक्रम नव्हता. एका किनाऱ्यावर नाकारलेले काहीतरी दुसऱ्या किनाऱ्यावर मिळविण्याचे ते साधन होते. विक्रमाचे आयुष्य तर फारच थोडे असते. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवरून जेट विमानांची प्रवासी वाहतूक सुरू झाली. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाचे बोइंग मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागले. म्हणजे मुले जमिनीवर ही जहाजे मांडून खेळत होती, तेव्हाच खऱ्या जहाजांचे उतारू आकाशात गेले होते. नोव्हेंबर १९६९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स’ सेवेतून काढले गेले. सेवा झाली सतरा वर्षे. त्यानंतरचे पडून राहणे अर्धशतकाहून अधिक.

१९९६ पासून ते फिलाडेल्फियाच्या धक्क्याला गंजत उभे होते. ज्या नगरीत आनंदीबाई पदवीधर झाल्या आणि रमाबाई उतरल्या, तीच ही नगरी. ते जतन करावे म्हणून चाहत्यांनी पुष्कळ खटपट केली, पण जागेच्या भाड्याचा वाद न्यायालयात गेला आणि जहाजाला धक्का सोडावा लागला. २०२४ साली फ्लोरिडातील ओकालूसा परगण्याने ते विकत घेतले, ते समुद्रात बुडवून कृत्रिम खडक करण्यासाठी, म्हणजे माशांना आसरा आणि पाणबुड्यांना पर्यटन. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोरखंडांनी ओढीत त्याला अखेरच्या तयारीसाठी अलाबामाकडे नेण्यात आले. विक्रमवीर स्वतःच्या बळावर हललाही नाही.

येथे प्रतिकृतीचा अर्थ पालटतो, असे आम्हांस वाटते. मूळ वस्तू असते तोवर प्रतिकृती तिची आठवण असते. मूळ वस्तू गेली की तीच साक्षीदार होते. समुद्रापासून इतक्या दूर, परतूरच्या कपाटात, ती पंचवीस सेंटिमीटरची आगबोट आज साक्षीदाराच्या जागी उभी आहे. म्हणून तिचे काय करावे हा प्रश्न नातवाला वाटतो त्याहून मोठा आहे.

जमविणाऱ्यांचे शास्त्र याबाबत स्पष्ट आहे. ज्या खेळण्याशी कोणी खेळले नाही ते सर्वांत मोलाचे. खोके उघडलेच नसेल तर अधिकच. रंग उडालेला, काठी मोडलेली, म्हणजे भाव पडलेला. जमविणाऱ्यांचा आम्ही उपहास करीत नाही. त्यांच्या चिकाटीमुळेच कोणत्या वर्षी कोणते जहाज कोणत्या रंगात निघाले, हे आज कळते. पण या शास्त्राचा गाभा विचित्र आहे खरा. खेळणे ज्या कामासाठी जन्मास आले, ते काम त्याने केले नाही, यासाठी त्याला मान मिळतो.

आणि हे जहाज खेळण्यासाठीच जन्मले होते, याचा पुरावा त्याच्याच पोटाखाली आहे. ते उलटे करून पाहिले तेव्हा आम्हांस तेथे बारीक चाके आढळली. ज्या कारागिराने पाण्याखालचा भाग गाळला, त्याने त्या जागी चाके दडविली, मुलाने ढकलावे आणि जहाज फरशीवर चालावे म्हणून. पहिला दोष सांगताना आम्ही हे जहाज अर्धेच बोलते असे म्हटले. ते विधान मागे घेत नाही, पण एक पुरवणी जोडतो. जहाजाचे गुपित कारागिराजवळ नव्हते. त्याच्या जागी त्याने मुलाचा आनंद ठेवला. समीक्षकाने वस्तू उलटी करून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये, हा धडा या निमित्ताने आम्हीही घेतला.

आपल्याकडे लहान प्रतिकृतींची परंपरा काही कमी नाही. पोळ्याला कुंभाराकडून मातीचे बैल येतात. त्यांना डोळे नीट नसतात, पण वशिंड आणि शिंगे अचूक असतात, कारण घडविणाऱ्याने आणि पुजणाऱ्याने बैल जवळून पाहिलेला असतो. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाकांवरचे लाकडी बैल ओढीत नेतात. तेथेही चाके आहेतच. आपल्या घरी नाताळचा गोठा मांडला जातो. दरवर्षी त्या मूर्ती पेटीतून निघतात, एखाद्या मेंढराचा पाय तुटलेला असतो, तो डिंकाने चिकटविला जातो, आणि ते लंगडे मेंढरूच मुलांना सर्वांत प्रिय असते. त्याचा भाव पडला, असे कोणी म्हणत नाही.

जहाजाच्या प्रतिकृतींची तर ख्रिस्तसभेत स्वतंत्र परंपरा आहे. फ्रान्समध्ये मार्सेय येथील नोत्र-दाम द ला गार्द या टेकडीवरील मंदिरात छतापासून जहाजांच्या लहान प्रतिकृती टांगलेल्या आहेत. कॅनडात मॉन्ट्रियल येथील नोत्र-दाम-द-बों-सकूर या खलाशांच्या मंदिरातही तशाच आहेत. वादळातून सुखरूप परतलेल्या खलाशांनी आणि त्यांच्या घरच्यांनी अशा वस्तू नवस फेडण्यासाठी वाहिल्या. माउंट मेरीला आपण मेणाचे हात, पाय, घरे वाहतो, भावना तीच. अशा जहाजाचे प्रमाण कदाचित चुकलेले असेल, डोलकाठी वाजवीहून उंच असेल. पण ते वाहणाऱ्याने मूळ जहाजाच्या फळ्यांवर उभे राहून मरण पाहिलेले असते. ती वस्तू अर्पण केलेली असल्याने तिला बाजारभाव नाही. जमविलेली वस्तू म्हणते, ‘मी माझ्या धन्याची आहे.’ वाहिलेली वस्तू म्हणते, ‘माझा धनी वाचला.’

मग आबांची आगबोट या दोहोंपैकी कोणती? आमचा अभिप्राय असा, की ती आली खेळणे म्हणून, पण दिली गेली अर्पणासारखी. आबा सांगतात, की देताना ते फादर फारसे बोलले नाहीत. पुन्हा ते आले नाहीत. ज्या माणसाने समुद्र ओलांडून येऊन या कोरड्या मुलखात आयुष्य वेचले, त्याने जाताना वसतिगृहातील एका मुलाच्या हाती जहाज ठेवले. त्या मुलाने समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याने ते वसतिगृहाच्या शहाबादी फरशीवर इतके फिरविले, की काठी मोडली आणि पोटाखालचा रंग गेला. बाजार ज्याला खराबी म्हणतो, तो त्या भेटीचा स्वीकार होता.

वस्तूचे परीक्षण येथे पुरे झाले, आता निकाल. बाह्याकृती उत्तम, रंग मध्यम, माणसाचा विसर गंभीर, चाके अप्रतिम. विकू नये, कारण मिळणारे पैसे थोडे आणि जाणारे पुष्कळ. कुलूपही काढावे. वारंवार हाताळून झिजेल हे भय रास्त आहे, म्हणून रोज नको. रविवारी मिस्साहून आल्यावर, आबा शेजारी असताना, ती पणतीच्या हाती द्यावी. आणि देताना फक्त वेगाचा विक्रम सांगू नये. खालच्या मजल्यावर कोण होते, जालन्याचे कोण या समुद्रावरून गेले, कोणाचे ग्रंथ बुडाले, आणि खरे जहाज २०२५ मध्ये कोठे नेले गेले, हेही सांगावे. कारागिराला जी माणसे घडविता आली नाहीत, ती सांगणाऱ्याने त्या मजल्यांवर चढवावीत.

हे सर्व आम्ही आबांना वाचून दाखविले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग उठून त्यांनी कपाट उघडले. पणतीने बोट घेतली, उलटी केली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘आबा, बोटीला चाकं कशाला?’’ उत्तरास आबांनी फरशीकडे बोट दाखविले.